सुप्याचा मोकासा आणि सोडलेली चाकरी

भीमा आणि नीरा या नद्यांच्या मधल्या कोरड्या माळावर, आजच्या बारामती तालुक्यातील सुपे आणि त्याच्या पूर्वेचे इंदापूर असे जे दोन परगणे होते, त्यांचा सतराव्या शतकातील इतिहास वाचताना तो मला लढायांपेक्षा सोडलेल्या चाकरीचाच इतिहास वाटतो. मालोजीराजे भोसले निजामशाहीच्या सेवेत इंदापूरच्या लढाईत पडले आणि त्यांचा मोकासा, म्हणजे चाकरीबद्दल मिळालेली महसुलाची नेमणूक, पुत्र शहाजीराजांकडे आला. १६२४ साली भातवडीच्या रणांगणावर शहाजीराजांनी पराक्रमाची शर्थ केली, धाकटे बंधू शरीफजी तेथेच कामी आले, परंतु सारा अधिकार निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याच्याच हाती राहिला, तेव्हा पुढील वर्षी ते विजापूरच्या आदिलशाहीत रुजू झाले. काही वर्षांनी ते निजामशाहीत परतले. पण १६२९ मध्ये त्यांचे श्वशुर लखुजी जाधवराव दौलताबादेस दरबारातच मारले गेले, आणि जेथे मानकऱ्याच्या जिवाची शाश्वती नाही ती चाकरी त्यांनी टाकली. मोगलांनी पाच हजारांची मनसब दिली खरी, तथापि त्यांना नेमून दिलेले महाल मलिक अंबराचा पुत्र फतहखान यास बहाल होताच तीही सुटली. या स्थित्यंतरांना फितुरी म्हणणे मला अन्यायाचे वाटते; शब्द धन्याने मोडला होता, चाकराने नव्हे.

मात्र या राजीनाम्यांची किंमत कोणी मोजली, हेही सांगितले पाहिजे. १६३० साली आदिलशाही सरदार मुरार जगदेवाने शहाजीराजांच्या जहागिरीतले पुणे जाळून उद्ध्वस्त केले, आणि त्याच सुमारास दख्खनवर भीषण दुष्काळ कोसळला. सरदाराला एक दरबार सोडून दुसऱ्या दरबारी जाता येई. कुणब्याला सोडण्यासारखे एकच होते, ते म्हणजे गाव, आणि त्या सोडण्याला दप्तरी भाषेत परागंदा होणे म्हणत. १६३६ नंतर शहाजीराजे आदिलशाहीत स्थिरावले, पुणे-सुप्याची जहागीर कायम झाली, आणि त्यांचे कारभारी दादोजी कोंडदेव यांनी ओसाड गावे वसविण्यासाठी इस्ताव्याचे कौल, म्हणजे चढत्या साऱ्याच्या लेखी हमी, दिले. पहिल्या वर्षी सारा नाममात्र, पुढे वर्षागणिक थोडा थोडा चढता. मिरासदार, म्हणजे वंशपरंपरेचा जमीनधारक, कित्येक वर्षे गैरहजर राहिला तरी जमिनीवरचा त्याचा हक्क बुडत नसे, म्हणून कौल हाती पडताच माणसे आपापल्या शिवारात परतू लागली.