दिनविशेष : २५ मे

१९२७ : हेरकथांचे अमेरिकी लेखक रॉबर्ट लडलम यांचा न्यूयॉर्क येथे जन्म. रंगभूमीवर नट व निर्माता म्हणून उमेदीची वर्षे घालवल्यावर चाळिशी उलटून ते लेखनाकडे वळले. ‘द स्कारलाटी इनहेरिटन्स’ ही पहिली कादंबरी १९७१ मध्ये आली. १९८० च्या ‘द बोर्न आयडेंटिटी’ने त्यांना जगभर वाचक मिळवून दिले. समुद्रातून जखमी अवस्थेत वाचवलेला, स्मृती हरपलेला नायक स्वतःचीच ओळख शोधत निघतो, हे तिचे कथासूत्र.

१९३५ : अमेरिकी धावपटू जेसी ओवेन्स यांचा ॲन आर्बर येथील आंतरविद्यापीठ स्पर्धेत पराक्रम. पाठ दुखावलेली असतानाही त्यांनी सुमारे ४५ मिनिटांत १०० यार्ड धावण्याच्या विश्वविक्रमाची ९.४ सेकंदांत बरोबरी केली आणि लांब उडी, २२० यार्ड धावणे व २२० यार्ड अडथळा शर्यत यांत नवे विश्वविक्रम रचले. लांब उडीचा त्यांनी एकच प्रयत्न केला. ८.१३ मीटरची ती उडी २५ वर्षे अजिंक्य राहिली. पुढच्याच वर्षी बर्लिन ऑलिंपिकमध्ये त्यांनी ४ सुवर्णपदके पटकावली.

२०१३ : तमिळ पार्श्वगायक टी. एम. सौंदरराजन यांचे चेन्नईत निधन. मदुराईच्या सौराष्ट्री कुटुंबात ते जन्मले. शिवाजी गणेशन व एम. जी. रामचंद्रन या दोन्ही महानायकांना त्यांनी आवाज दिला. खणखणीत, खुल्या आवाजातील त्यांची मुरुगन-भक्तिगीते तमिळनाडूतील देवळांत आणि घराघरांत आजही भक्तिभावाने ऐकली जातात. ‘अरुणगिरिनाथर’ (१९६४) या चित्रपटात त्यांनी मुरुगनभक्त संतकवीची भूमिकाही साकारली. २००३ मध्ये त्यांना ‘पद्मश्री’ने गौरवण्यात आले.