मोजून पाडलेले तुकडे

मंडळी, शेवगावहून नेवासं जवळच. तिथं शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. तिचा बारावा अध्याय जेमतेम अडीचशे ओव्यांचा आणि अठरावा अठराशेच्या घरात. गीतेचा विषय जिथं संपतो तिथं अध्याय संपतो. आज आपण अगदी उलट जातीची विभागणी पाहणार आहोत. आत काय लिहिलंय ते न बघता, नुसत्या मापानं कापायचं.

युनिक्सच्या तिसऱ्या आवृत्तीत, १९७३ साली, 'स्प्लिट' ही आज्ञा आली. वेगळं काही सांगितलं नाही तर ती हजार-हजार ओळींचे तुकडे करते आणि त्यांना एक्सएए, एक्सएबी अशी नावं देते. बाइटांच्या मापानं कापण्याची सोय, म्हणजे 'हायफन बी', नंतरची. ती लागते साठवणुकीपायी. फ्लॉपीत १४,७४,५६० बाइट मावायचे. आजही फॅट३२ मांडणीच्या पेन ड्राइव्हला एक फाईल चार जीबीची चालत नाही. जागा भरपूर मोकळी दिसते, आणि सहा जीबीचं व्याख्यान मात्र परत येतं!

जोडायला 'कॅट'. इथं क्रम नावांवर ठरतो, म्हणून नुसते आकडे घातले तर भाग १० हा भाग २ च्या आधी जाऊन बसतो. 'एए, एबी'मागचं शहाणपण तेव्हा कळतं.

आपल्या मराठीची आणखी एक गंमत. यूटीएफ-८ मध्ये 'क' तीन बाइट घेतो. सुरी त्या तिघांच्या मधोमध पडली, तर एका तुकड्याच्या शेवटी आणि पुढच्याच्या सुरुवातीला कचरा दिसतो. जोडलं की 'क' पुन्हा जसाच्या तसा. तुकडे सुटे वाचायचे असतील तर ग्नूच्या स्प्लिटमध्ये कॅपिटल सी वापरावा. तो शक्यतो ओळ मोडत नाही.

आम्ही जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलं, त्यामुळे राहवत नाही. नैयायिक म्हणतात, अवयवी हा अवयवांहून वेगळा. बौद्ध म्हणतात, चाकं आणि आस यांच्यापलीकडे रथ नावाचं काही नाही. फाईल बौद्धांच्या बाजूची वाटते: तुकडे क्रमानं लावा, एकही बाइट इकडचा तिकडे होत नाही.

पण फ्लॉपीच्या दिवसांत आमची टिपणं आम्ही आकुंचित करून, एकच फाईल बनवून, चार फ्लॉप्यांवर कापून ठेवली होती. तिसरी खराब झाली. साधा मजकूर असता तर तीन चतुर्थांश टिपणं वाचता आली असती. आकुंचित फाईलमध्ये पुढचं उलगडायला मागचं लागतं. पहिल्या दोन फ्लॉप्यांतलं काही हाती आलं. चौथी धडधाकट होती, तिच्यातून एक वाक्य निघालं नाही. त्या दिवशी आम्हाला नैयायिक बरोबर वाटले. तेव्हापासून कापण्याआधी आम्ही मूळ फाईलची 'एमडी५सम' काढून कागदावर लिहितो, आणि जोडल्यावर ताडून बघेपर्यंत मूळ फाईल पुसत नाही.