मर्यादित आवृत्तीचा अंक आणि ‘आतेलिए १७’ची मुद्राचित्रे

मुद्राचित्राच्या समासात पेन्सिलीने घातलेला ‘१२/५०’ हा अंक संग्राहकास गुणवत्तेची श्रेणी वाटतो. या समजुतीस एके काळी आधार होता. सुईने ताम्रपटावर ओरखडलेल्या रेघेची कड दाबाखाली लवकर झिजते. साहजिकच आरंभीच्या प्रती सरस ठरत. एकोणिसाव्या शतकात पटावर लोखंडाचा सूक्ष्म थर चढविण्याची युक्ती निघाली आणि झीज बव्हंशी टळली. त्यानंतरची मर्यादा धातूने घातलेली नव्हे. ती कलावंताने, आणि विक्रेत्यानेही, घातलेली आहे.

स्टॅन्ली विल्यम हेटर यांनी १९२७ साली पॅरिसमध्ये स्थापिलेल्या व पुढे ‘आतेलिए १७’ या नावाने प्रसिद्धीस आलेल्या कार्यशाळेत तर हा अंक अधिकच दुर्बळ झाला. तेथे कृष्णा रेड्डी आणि मूळचे मुंबईचे कैको मोती यांनी शाईच्या दाटपणावर आधारलेली रंगमुद्रणाची रीत विकसित केली. पट निरनिराळ्या खोलींवर कोरावयाचा. कठीण रूळ वरच्या पातळीवर पातळ, तेलकट शाई लावतो, मऊ रूळ खाली दाट शाई पोहोचवितो. तेलकट शाई दाट शाईला थारा देत नाही, म्हणून सर्व रंग एकाच दाबात कागदावर उतरतात. मात्र प्रत्येक प्रतीसाठी ही शाई हाताने नव्याने लावावी लागते. तेलाच्या थोड्या फरकानेही रंगांचे नाते पालटते. रेड्डींच्या ‘व्हर्लपूल’ (१९६३) या चित्राच्या प्रतींची पारख म्हणूनच अंकावरून होत नाही. दोन प्रती शेजारी ठेवूनच ती करावी लागते.