१५ जून १९९७ : मलेरियाच्या विकराची स्फटिकरचना

मलेरियाच्या परजीवीतील एका महत्त्वाच्या विकराची स्फटिकरचना १५ जून १९९७ च्या ‘स्ट्रक्चर’ या संशोधनपत्रिकेच्या अंकात प्रसिद्ध झाली. काम बंगळूरचे, एम. आर. एन. मूर्ती, पी. बलराम, हेमलता बलराम यांच्या चमूचे. निबंधावर पहिले नाव समीर वेलणकर यांचे.

तांबड्या पेशीत शिरलेला प्लास्मोडियम फाल्सिपेरम ऊर्जेसाठी जवळजवळ सर्वस्वी ग्लुकोज फोडण्यावर जगतो. ट्रायोज फॉस्फेट आयसोमरेज हा त्या साखळीतला विकर. अडचण अशी, की तो माणसातही असतो. म्हणूनच या रचनेतला खरा ऐवज दोहोंतला फरक हा आहे. विकराचे दोन भाग जिथे जुळतात, तिथे परजीवीत १३ व्या जागी सिस्टीन हे अमिनो आम्ल आहे, माणसात मेथिओनिन. तिथेच अडकणारा रेणू सापडला तर परजीवी मरेल आणि रोगी वाचेल, ही आशा.

त्यातून औषध अजून आलेले नाही. पण पाया पक्का आहे. जूनमध्ये डबकी साचली, डास वाढले, की नालासोपाऱ्यातल्या घराघरांत तापाची धास्ती असते. इथल्या एखाद्या विज्ञानाच्या विद्यार्थिनीने प्रोटीन डेटा बँकेत ‘1YDV’ हा संकेत टाकून पाहावा. ती रचना फिरवून, जवळून, विनामूल्य पाहता येते.