सायकल, महामार्ग आणि 'अज्ञात वाहन'

१४ ऑक्टोबर २०१७. हवाई बेटांवरच्या कोना गावात आयर्नमॅन ट्रायथलॉनची जागतिक स्पर्धा सुरू होती. आधी समुद्रात ३.८ किलोमीटर पोहायचं, मग १८० किलोमीटर सायकल आणि शेवटी ४२ किलोमीटर धावायचं. अमेरिकेचा मॅट रसेल हा व्यावसायिक खेळाडू सायकलवर होता, पूर्ण वेगात. एका चौकात एक व्हॅन आडवी आली आणि तो थेट तिच्यावर आदळला. मानेचा स्नायू कापला गेला, खूप रक्त गेलं, डोक्याला जबर मार बसला. त्याची स्पर्धा तिथेच संपली. माणूस वाचला, हेच नशीब.

तीनच दिवस आधी त्याच कोनात ब्रिटनच्या टिम डॉनला सराव करताना एका ट्रकने उडवलं होतं. हा साधासुधा गडी नाही. त्याच वर्षी ब्राझीलमध्ये ७ तास ४० मिनिटांत आयर्नमॅन पूर्ण करून त्याने विक्रम केला होता. मानेचं हाड मोडलं. कवटीला स्क्रूने लोखंडी चौकट बसवून तीन महिने काढले त्याने.

तुम्ही म्हणाल भाऊ, हवाईचं आम्हाला काय सांगतो? सांगतो. पहाटे मेहरूण तलावावर चक्कर मारून बघा, नाहीतर धुळ्यात नकाणे तलावाकडे, लळिंगच्या बाजूला. हेल्मेट घातलेले, मागे लाल दिवा लुकलुकणारे सायकलवाले दिसतील. डॉक्टर आहेत, मास्तर आहेत, पोलीस आहेत, कॉलेजची पोरं आहेत. गोव्याची स्पर्धा हे त्यातल्या कितीतरी जणांचं स्वप्न. २० ऑक्टोबर २०१९ ला पणजीच्या मिरामारला भारतातली पहिली 'आयर्नमॅन ७०.३' झाली, म्हणजे १.९ किलोमीटर पोहणं, ९० किलोमीटर सायकल, २१ किलोमीटर धावणं. त्या दिवशी काही तास रस्ता सायकलवाल्यांचा असतो. बाकीचं वर्षभर सराव कुठे करायचा? आपल्याच महामार्गावर, ट्रक-डंपरच्या शेजारी.

या खेळाचा इतिहास बघितला तर एक गोष्ट लक्षात येते. पहिली आयर्नमॅन १८ फेब्रुवारी १९७८ ला हवाईच्याच ओआहू बेटावर झाली. तिथल्या तीन वेगवेगळ्या स्पर्धा एकाला एक जोडल्या, झालं. पंधरा जण उतरले, बारा जणांनी पूर्ण केली. रस्ते वाहतुकीला उघडेच होते. स्पर्धक वाढत गेले तशी होनोलुलूच्या वर्दळीत ही स्पर्धा घेणं अवघड झालं, म्हणून १९८१ मध्ये ती उचलून कोनाच्या मोकळ्या, लाव्हाच्या माळरानात नेली. गाड्यांपासून लांब. आणि छत्तीस वर्षांनी तिथेच व्हॅन आडवी आली.

मोटार आणि सायकल यांचं हे जुनंच आहे. अमेरिकेतली नोंद झालेली पहिली मोटार-टक्कर ३० मे १८९६ ची, न्यूयॉर्कमधली मानतात. धडकलं कोण? एक मोटारगाडी आणि सायकलवर चाललेली एक बाई. बाईचा पाय मोडला, गाडीवाल्याला रात्रभर कोठडीत बसवलं. गंमत म्हणजे तेव्हाही शर्यतच चालू होती, फक्त मोटारींची.

महाराष्ट्रात अलीकडचं मोठं उदाहरण अवतार सैनी यांचं. इंटेल कंपनीचे भारतातले माजी प्रमुख, मुंबईच्या व्हीजेटीआयचे विद्यार्थी, पेंटियम चिपच्या रचनेत त्यांचा मोठा वाटा. २८ फेब्रुवारी २०२४ ला पहाटे सहाच्या आत नवी मुंबईत नेरूळला पाम बीच रोडवर सायकल चालवत होते. मागून आलेल्या कॅबने धडक दिली. वय ६८, जागीच म्हणावं असं गेले. मोठं नाव होतं, देशभर बातमी झाली. दोन-चार दिवस सायकल ट्रॅकवर चर्चा झाली. मग विषय मागे पडला.

आता आपल्याकडे येऊ.

खान्देशातून दोन मोठे रस्ते जातात. एक मुंबई-आग्रा, धुळ्यावरून. दुसरा सुरत-नागपूर, धुळ्याहून पारोळा, एरंडोल, जळगाव, भुसावळ असा. जुना एनएच-६, आता ५३. दुसऱ्याने तर जळगाव मधोमध कापलं. खोटेनगर, शिव कॉलनी, आकाशवाणी चौक, इच्छादेवी चौक, अजिंठा चौफुली, कालिंका माता चौक, ही नावं बाहेरच्या माणसाला पत्ता वाटतील. जळगावकराला मात्र प्रत्येक नावासोबत कोण ना कोण गेलेला आठवतो.

एक काळ होता, या रस्त्यांवर सायकलींचंच राज्य होतं. जळगावची खान्देश मिल, अमळनेरची प्रताप मिल, धुळ्याची न्यू प्रताप मिल, भुसावळची रेल्वे, वरणगावची आयुध निर्माणी. भोंगा झाला की सायकलींचा लोंढा सुटायचा. जुन्या लोकांना विचारा. सायकलला नगरपालिकेचा बिल्ला लागायचा, कर भरावा लागायचा. रात्री दिवा नसला की पोलीस अडवायचा, डबलसीट दिसला की चाकातली हवा सोडायचा. म्हणजे सायकल हे तेव्हा वाहन होतं. तिच्याकडून कर घ्यायचे, तिला नियम लावायचे. आज कर नाही, बिल्ला नाही, आणि रस्त्यावर जागाही नाही. चौपदरीकरणाच्या नकाशात किती लेन, दुभाजक, भुयारी मार्ग, सगळं असतं. सायकल कुठून जाईल याची रेघ मला तरी त्यात सापडत नाही.

आणि तरी सरकार सायकली वाटतं! मानव विकास कार्यक्रमात मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या मुलींना शाळा पाच किलोमीटरच्या आत असली तर सायकलीसाठी पैसे मिळतात. लांबच्या मुलींसाठी निळ्या एसटी बस. योजना चांगली आहे, मी मनापासून म्हणतो. ती नसती तर कितीतरी मुलींचं शिक्षण सातवीतच सुटलं असतं. पण एका खात्याने मुलीला सायकल द्यायची आणि दुसऱ्या खात्याने तिच्या शाळेच्या वाटेवर चार पदरी महामार्ग टाकायचा, हे दोघं एकमेकांशी कधी बोलतात का? आयर्नमॅनच्या सायकलवाल्याकडे लाखाची सायकल, हेल्मेट, रिफ्लेक्टर असतात. या मुलीकडे दप्तर असतं आणि कॅरिअरवर बसलेली धाकटी बहीण.

वीस वर्षं बातम्या लिहितोय. आपल्या धंद्यात एक ठरलेलं वाक्य आहे: 'अज्ञात वाहनाच्या धडकेत सायकलस्वार ठार.' तीन ओळी, आतल्या पानावर. बघा, त्यात मेलेला माणूस 'सायकलस्वार' असतो, आणि मारणारा माणूस नसतोच, 'वाहन' असतं. तेही अज्ञात. ब्रिटिश मेडिकल जर्नलने २००१ मध्ये ठरवलं की 'अ‍ॅक्सिडंट' हा शब्दच वापरायचा नाही, कारण त्यातून 'टळण्यासारखं नव्हतं' असा अर्थ निघतो. आपण मात्र 'काळाचा घाला' लिहून मोकळे होतो. केंद्र सरकारच्या आकड्यांप्रमाणे २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली. त्यातली ३०,४८६ 'धडक देऊन पळाला' या प्रकारातली. महाराष्ट्रातली एकूण १५,२२४. एवढा काळ आपल्या दारात बसलेला असतो का हो?

कायद्याचंही बघा. निष्काळजीपणाने मृत्यू, हे कलम ३०४-अ इंग्रजांनी १८७० मध्ये घातलं, शिक्षा जास्तीत जास्त दोन वर्षं. तेव्हा मोटार जन्मायचीही होती. दीडशे वर्षं तेच चाललं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ती पाच वर्षं झाली. न कळवता पळून जाणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत, असंही कलम आहे, पण ते अजून लागू नाही. कारण आठवत असेल. जानेवारी २०२४ च्या पहिल्या आठवड्यात ट्रकचालकांनी संप केला, मनमाडजवळ पानेवाडीतून टँकर निघेनात, आणि आपण पेट्रोल पंपावर रांगा लावल्या. ट्रकवाल्यांचं म्हणणं पूर्ण खोटं नव्हतं. थांबला तर जमाव मारतो, ही भीती खरी आहे. पण कलम बाजूला राहिलं ते राहिलंच. पळून गेलेली गाडी सापडली नाही तर मृताच्या घरच्यांना २ लाख मिळतात, १ एप्रिल २०२२ च्या आधी २५ हजार होते. हे दोन लाख मिळतात हेच अर्ध्या लोकांना माहीत नसतं. तहसील कार्यालयात अर्ज करायचा असतो, कोणाच्या घरी अशी घटना झाली असेल तर जरूर करा.

नेदरलँडला आज सायकलींचा देश म्हणतात. तिथेही असंच होतं. १९७१ मध्ये तिथे रस्त्यांवर चारशेहून जास्त मुलं मेली. फिक लांगेनहॉफ नावाचा एक पत्रकार होता, त्याची सहा वर्षांची मुलगी शाळेत जाताना मोटारीखाली गेली. त्याने वर्तमानपत्रात लेख लिहिला, मथळा होता, 'मुलांची हत्या थांबवा'. त्या मथळ्याचीच चळवळ झाली. आयाबाया पोरं घेऊन रस्त्यावर उतरल्या, रस्ते अडवले. पुढे तेलटंचाई आली, पेट्रोल महागलं, त्याचाही हातभार लागला. पण सायकलीचे वेगळे रस्ते तिथे आभाळातून पडले नाहीत. लोकांनी मागितले, सरकारने बांधले.

म्हणून आत्ताच लिहितोय. पाळधी ते तरसोद बाह्यवळणावर जड वाहनं गेली की जळगावातून जाणारा जुना महामार्ग हा शहराचा रस्ता होणार. त्याचं काय करायचं हे कुठल्यातरी बैठकीत ठरेल. समांतर रस्त्यांसाठी जळगावकरांनी किती मोर्चे काढले, किती निवेदनं दिली, ते सगळ्यांना माहीत आहे. त्या रस्त्यांवर उद्या हातगाड्या आणि पार्किंग बसणार की सायकलीला दोन मीटर मिळणार? धुळ्यातही तेच. महामार्गाच्या सर्व्हिस रोडवर सायकल चालते की ट्रक उभे असतात, जाऊन बघा.

रसेलचं राहिलंच. तो पुढच्याच वर्षी, २०१८ ला, कोनाला परत आला आणि सहावा आला. टिम डॉनही आला, छत्तिसावा. त्यांच्यामागे डॉक्टर होते, प्रायोजक होते, कॅमेरे होते.

जिल्हाधिकाऱ्यांच्या रस्ता सुरक्षा समितीसमोर मला एक यादी ठेवायची आहे. तुमच्या गावात, तुमच्या वॉर्डात शाळेच्या सायकली महामार्ग कुठे ओलांडतात, ते ठिकाण आणि शाळा सुटायची वेळ खाली लिहा. फोटो असला तर उत्तम, मुलींचे चेहरे मात्र नकोत.