घरच्या घरी इलेक्ट्रिक गिटारचे ध्वनिमुद्रण : चार अडथळ्यांचा इतिहास

प्रस्तावना

काही वर्षांपूर्वी दुसऱ्या वर्षाचा एक विद्यार्थी वसतिगृहात केलेले गिटारचे ध्वनिमुद्रण मला ऐकवायला घेऊन आला. आवाज कोंदट होता आणि मागे सतत गुणगुण होती. "सर, स्वस्तातल्या गिटारकडून एवढंच मिळणार," असे म्हणून त्याने ती विकायचे ठरवले होते. मी विचारले, "वायर कुठे लावलीस?" उत्तर आले, "लॅपटॉपच्या माइकच्या खाचेत."

गिटारमध्ये दोष नव्हता. हा प्रसंग सांगण्याचे कारण असे, की घरगुती ध्वनिमुद्रणाचा इतिहास बहुधा यंत्रांच्या उतरत्या किमतींचा इतिहास म्हणून सांगितला जातो. तो अर्धाच खरा आहे. किमती उतरल्याच, पण त्याआधी कोणीतरी अडथळा नेमका कुठे आहे हे ओळखले होते. असे चार अडथळे आपण या पाठात क्रमाने पाहू.

१. जोडणीचा अडथळा

पुढे 'फ्रायिंग पॅन' या टोपणनावाने प्रसिद्ध झालेली इलेक्ट्रिक गिटार १९३२ साली अमेरिकेत बाजारात आली. तिचे तत्त्व आजही तेच आहे : चुंबकाजवळ तारेचे वेटोळे असते, वर पोलादी तार कंप पावते आणि वेटोळ्यात व्होल्टेज निर्माण होते. यालाच पिकअप म्हणतात. वेटोळ्यात हजारो फेरे असल्यामुळे त्याचे इंडक्टन्स काही हेन्री इतके मोठे असते.

३ हेन्री धरून हिशेब करा. ४००० हर्ट्झला २πfL ही किंमत सुमारे ७५ किलोओहम येते. आता पुढच्या यंत्राचा इनपुट इम्पिडन्स १० किलोओहम असेल तर काय होईल? हा साधा व्होल्टेज डिव्हायडर आहे. वरच्या वारंवारतांचे बहुतेक व्होल्टेज पिकअपमध्येच खर्च होते आणि आवाज कोंदट होतो. जुन्या अँप्लिफायरमध्ये ही अडचण नव्हती. व्हॅक्यूम ट्यूबचा ग्रिड जवळजवळ प्रवाह घेत नाही, त्यामुळे तिथे १ मेगओहमचा इनपुट सहज ठेवता येई. पिकअप आणि ट्यूब एकमेकांच्या सोबतीने वाढले. संगणकाची माइकची खाच मात्र वेगळ्याच कामासाठी बनली होती, आणि तिचा इम्पिडन्स काही किलोओहमच असतो. आमच्या विद्यार्थ्याची गिटार इथेच अडली होती.

२. थरांचा अडथळा

एकट्या माणसाला घरी संपूर्ण रचना वाजवायची तर एका थरावर दुसरा थर चढवावा लागतो. गिटारवादक लेस पॉल यांनी हॉलिवूडमधील घराच्या गॅरेजमध्ये हे काम तबकड्यांवर केले. एक तबकडी वाजवायची, तिच्यासोबत नवा भाग वाजवायचा आणि दोन्ही मिळून दुसऱ्या तबकडीवर कोरायचे. १९४८ साली प्रकाशित झालेल्या त्यांच्या 'लव्हर' या ध्वनिमुद्रिकेत गिटारचे आठ भाग असे रचलेले आहेत.

पुढे गायक बिंग क्रॉस्बी यांनी त्यांना अँपेक्स कंपनीचे टेप यंत्र भेट दिले. लेस पॉल यांनी त्यात एक जादा हेड बसवून घेतले. पुसणाऱ्या हेडच्या आधी ते जुना भाग वाचून घेई आणि नव्या वादनात मिसळून पुन्हा टेपवर उतरवे. युक्ती उत्तम होती, पण निर्दय होती. सातव्या थरात चूक झाली की आधीचे सहाही गेले, कारण ते पुसूनच सातवा लिहिला जात होता. प्रत्येक थराला स्वतंत्र जागा देणारे आठ ट्रॅकचे अँपेक्स यंत्र त्यांना १९५७ साली मिळाले, पण ते सामान्य माणसाच्या आवाक्यातले नव्हते.

ते दार १९७९ साली टीॲक कंपनीच्या 'पोर्टास्टुडिओ १४४' या यंत्राने उघडले. कल्पना साधी होती. नेहमीच्या कॅसेटवर दोन बाजूंचे मिळून चार ट्रॅक असतात. ते चारही एकाच दिशेने वापरायचे आणि टेप दुप्पट वेगाने चालवायची. ब्रूस स्प्रिंगस्टीन यांनी १९८२ साली याच यंत्रावर न्यू जर्सीतील घरी गाण्यांचे कच्चे नमुने केले. स्टुडिओत पुन्हा केलेल्या आवृत्त्यांना ती धार आली नाही, म्हणून घरची कॅसेटच 'नेब्रास्का' या नावाने प्रसिद्ध झाली. त्यात मुख्यतः अकूस्टिक गिटार आहे, हेही लक्षात घ्या. इलेक्ट्रिक गिटारचा पुढचा अडथळा अजून शिल्लक होता.

३. स्पीकरचा अडथळा

तो अडथळा म्हणजे अँप्लिफायरचा दणका. ट्यूब अँप्लिफायर जोरात चालवला तरच त्याचे आवडते डिस्टॉर्शन मिळते, आणि तोवर शेजारी दारात उभे राहतात. मग गिटार सरळ मिक्सिंगच्या टेबलात का जोडू नये? बीटल्सच्या 'रिव्होल्यूशन'मध्ये १९६८ साली तसेच केले होते. टेबलाचे इनपुट मुद्दाम अतिभारित करून मिळवलेला तो आवाज चरचरीत आणि बोचरा आहे. त्या गाण्याला तो शोभतो, पण प्रत्येक गाण्याला शोभणार नाही.

असे का होते? गिटारचा १२ इंची स्पीकर साधारण ५००० हर्ट्झच्या वर झपाट्याने मंदावतो. डिस्टॉर्शनमुळे तयार झालेले तीक्ष्ण हार्मोनिक तो गाळून टाकतो. म्हणजे आपण ज्याला केवळ भोंगा समजतो, तो प्रत्यक्षात फिल्टर आहे.

हे ज्यांनी नेमके हेरले त्यांत टॉम शोल्झ यांचे नाव घ्यावे लागते. ते एमआयटीचे मेकॅनिकल इंजिनीअर. पोलरॉइड कंपनीत नोकरी करत त्यांनी घराच्या तळघरात 'बॉस्टन' या बँडच्या १९७६ सालच्या पहिल्या अल्बमचा बराच भाग मुद्रित केला. १९८२ साली त्यांनी 'रॉकमन' आणला. हातात मावणाऱ्या, बॅटरीवर चालणाऱ्या या डबीत डिस्टॉर्शनही होते आणि स्पीकरसारखा फिल्टरही. आवाज फक्त हेडफोनमध्ये. शेजारी शांत झोपू शकत होते!

१९९८ साली लाइन ६ या कंपनीने हेच काम गणिताकडे सोपवले. तिच्या 'अँप फार्म' या सॉफ्टवेअरने आणि 'पॉड' या लहान यंत्राने अँप्लिफायर व स्पीकरचे वर्तन अंकीय पद्धतीने घडवले. आज स्पीकरचा इम्पल्स रिस्पॉन्स एका छोट्या फाइलमध्ये मिळतो आणि संगणक त्याचे गिटारच्या सिग्नलशी कॉन्व्होल्यूशन करतो. सिग्नल्स अँड सिस्टिम्सच्या तासाला तुम्ही फळ्यावरून उतरवून घेता, तेच हे कॉन्व्होल्यूशन.

४. विलंबाचा अडथळा

संगणक आवाजाचे नमुने गठ्ठ्यांनी हाताळतो. गठ्ठा १०२४ नमुन्यांचा आणि दर सेकंदाला ४४,१०० नमुने असतील, तर एका दिशेलाच २३ मिलिसेकंद जातात. जाऊन-येऊन दुप्पट. एवढ्या विलंबाने तार छेडणे आणि ऐकणे यांची सांगड तुटते. १९९७ साली जर्मनीच्या स्टाइनबर्ग कंपनीने 'एएसआयओ' ही पद्धत आणली. ती ऑपरेटिंग सिस्टिमचा नेहमीचा लांबचा मार्ग टाळून सॉफ्टवेअरला थेट ध्वनियंत्राशी जोडते. गठ्ठा १२८ नमुन्यांचा ठेवला तर एका दिशेला सुमारे ३ मिलिसेकंद लागतात. हवेत ध्वनी तेवढ्या वेळात साधारण १ मीटर जातो. म्हणजे स्पीकर जेमतेम हातभर लांब ठेवल्यासारखे झाले.

यानंतर सॉफ्टवेअरही हाताशी आले. कार्नेगी मेलन विद्यापीठात सुरू झालेले 'ऑडॅसिटी' २००० साली सर्वांना मोफत उपलब्ध झाले, आणि २००४ साली ॲपलने 'गॅरेजबँड' आणले. त्या नावातच लेस पॉल यांच्या गॅरेजची आठवण यावी!

समारोप

आता तुमच्या टेबलाकडे वळू. गिटारसाठी 'इन्स्ट्रुमेंट' अशी खूण असलेला एक इनपुट देणारा साधा यूएसबी इंटरफेस घ्या, पहिला अडथळा गेला. २४ बिटवर मुद्रण करा आणि सर्वांत मोठा ठोका पूर्ण पातळीच्या १२ डेसिबल खाली ठेवा. प्रत्येक बिट सुमारे ६ डेसिबलचा, म्हणून यात फक्त दोन बिट जातात. डिस्टॉर्शननंतर स्पीकरचा इम्पल्स रिस्पॉन्स लावायला विसरू नका. वाजवताना गठ्ठा लहान ठेवा, मिक्सिंगच्या वेळी मोठा करा.

आणि ती गुणगुण? आमच्या विद्यार्थ्याच्या लॅपटॉपचा चार्जर अर्थिंग नसलेल्या खाचेत होता. चार्जर काढून बॅटरीवर मुद्रण केले तेव्हा ती जवळजवळ नाहीशी झाली. इंटरफेस त्याने मित्राकडून उसना आणला. गिटार तीच आहे. विकली नाही.

स्वाध्याय

१. पिकअपचे इंडक्टन्स ४ हेन्री असेल तर ५००० हर्ट्झला त्याचा रिअॅक्टन्स किती? इनपुट १० किलोओहम आणि १ मेगओहम असताना काय फरक पडेल?
२. लेस पॉल यांची टेपवरील पद्धत आणि स्वतंत्र ट्रॅकची पद्धत यांत चूक सुधारण्याच्या दृष्टीने कोणता फरक आहे?
३. तुमच्या खोलीत ध्वनिमुद्रण करून पाहा. चारपैकी कोणता अडथळा ऐकू येतो, ते कारणासह लिहा.