खतावणीतलं पान

बेळगावच्या किल्ल्यात कमल बस्तीला आपण दर्शनाला जातो, तेव्हा वाटेत लष्कराची हद्द लागते. रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याचा मंत्री बीचण, त्यानं १२०४ च्या सुमारास ही बस्ती बांधवली. अहिंसेचं मंदिर आणि भोवती तट, खंदक! लहानपणी मला याचं भारी नवल वाटे.

आमच्या दुकानात एक हवालदार मामा यायचे. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र १९२२ पासून बेळगावात, त्यामुळं असे मामा गल्लोगल्ली. हे १९३९ च्या हिवाळ्यात भरती झालेले. मी एकदा विचारलं, "देशासाठी गेलात ना मामा?"

"कुठला देश, बाय? राज्य साहेबाचं. बैल मेलता, देणं झालतं. भरतीवाल्यानं छाती मोजली, पायात बूट दिले. घरला मनिऑर्डर जाईल म्हणाला. गेलो."

दुसऱ्या महायुद्धात हिंदी फौज दोन लाखांवरून पंचवीस लाखांच्या आसपास गेली. सक्ती कुणावर नव्हती, सगळे स्वखुशीचे. या 'स्वखुशी'त किती मेलेले बैल असतील!

मामा १९४१ च्या मार्चमध्ये इरिट्रियातल्या केरेनला लढले. तिथल्या उघड्या, दगडी डोंगराबद्दल एवढंच सांगत, की तहान फार लागायची. पुढं इटलीत. ज्यांच्याशी केरेनला झुंजले, त्यांच्याच गावातल्या म्हाताऱ्या त्यांना भाकरीसारखा जाड पाव आणून द्यायच्या. त्यांच्याच पलटणीचे यशवंत घाडगे १० जुलै १९४४ ला टायबरच्या खोऱ्यात पडले. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, पण मरणोत्तर. मामा म्हणायचे, "बावीस वर्षांचं पोर. क्रॉस आईला काय करायचा?"

"तुमच्या हातून माणूस मेलं का?" हे विचारायला नको होतं, पण विचारलं.

"गोळी झाडायचो. लागली का ते बघायचं नाही, असं ठरवलंच होतं."

आपल्याकडं हिंसेचे चार प्रकार सांगतात: संकल्पी, आरंभी, उद्योगी, विरोधी. चढाई करून आलेल्याला अडवताना घडते ती विरोधी. गृहस्थाला ती सुटत नाही. मामांची मी त्यात बसवून बघितली. पण केरेनला मामांच्या शेतावर कोण चालून आलं होतं?

देणं कुणाचं, ते मामांनी कधी सांगितलं नाही. घराची डागडुजी निघाली तेव्हा माळ्यावर आजोबांची खतावणी सापडली. मोडी मला नीट येत नाही. चुलत्यांनी वाचून दाखवली. मामांच्या वडिलांचं नाव, बैलासाठी दिलेली रक्कम, व्याज, आणि १९४० पासून जवळजवळ दर महिन्याला जमा: 'मुलाच्या मनिऑर्डरीपैकी'. आजोबा पाणी गाळून पीत, दिवस मावळल्यावर तोंडात शीत घालत नसत. मुंगी चिरडू नये म्हणून खाली बघून चालणारा माणूस! चुलते म्हणाले, "व्याज रीतसरच आहे गं." होतंही रीतसर.

१९४४ च्या पानावर आजोबांच्या वळणदार अक्षरात 'बेबाक' लिहिलंय. मामा तेव्हा टायबरच्या खोऱ्यात होते.